मोशेला डोंगरावरून कोणी उतरवलं

मोशेला डोंगरावरून खाली आणायचं नाही, एवढंच ठरलं होतं. बाकी रेव्हरंडने रविवारच्या उपदेशात हवं तसं गावं, हवं तितकं रडवावं, वाटल्यास फारोचं सैन्य समुद्रात एकदा सोडून दोनदा बुडवावं. पण शेवटी मोशेने नबो डोंगराच्या माथ्यावरून पलीकडचा देश डोळे भरून पाहायचा, कारभार तरण्या यहोशवाच्या हाती सोपवायचा आणि तिथेच थांबायचं. मोझेल रॅन्समने शुक्रवारी आपल्या स्वयंपाकघरात, या रेव्हरंड दिरापुढे लिंबाचा केक ठेवून, हे त्याच्याकडून तीनदा कबूल करून घेतलं होतं. तिसऱ्या वेळी त्याच्या तोंडात केक होता, पण मान हलली होती.

मोशे म्हणजे तिचा नवरा, कोच अल्फियस रॅन्सम. वय चौसष्ट. त्यातली एकोणतीस वर्षं काळ्यांच्या टॉलिव्हर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघापाठी उभं राहण्यात गेलेली. उभं राहण्यात, हे महत्त्वाचं. सामना चालू असताना कोच बसलेला कोणी पाहिला नव्हता. पावसात नाही, गारांत नाही, एकोणीसशे अडतीस साली अपेंडिक्स फुटायला आलं होतं तेव्हाही नाही. आणि परवाच्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी, वेलबॉर्न कॉलेजविरुद्ध तिसऱ्या सत्रात, सहा हजार लोकांच्या देखत त्याने पाण्याची बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. चांगली चार मिनिटं बसला. बँडवाले वाजवायचं विसरले. मग तो उठला, आणि टॉलिव्हरने सामना सात विरुद्ध सहा असा जिंकलाही. पण त्या सात गुणांचं नाव ऑलमंड स्प्रिंग गावात कोणी काढेना. न्हाव्याच्या दुकानात, पोस्टाच्या पायरीवर, जो तो एवढंच सांगत होता, "कोच बसला." कोर्टाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बसलं असतं तरी एवढी चर्चा झाली नसती.

मोझेलला नवल वाटलं नाही. सप्टेंबरातच डॉक्टर पिंकनीने तिला एकटीला बोलावून सांगितलं होतं, "मिसेस रॅन्सम, कोचचं हृदय थकलंय. आणखी एक सीझन मैदानाच्या कडेला त्या रेषेवर उभे राहिले, तर त्याच्या पुढच्या सीझनला तुम्ही सामन्याला काळ्या कपड्यांत याल." हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही, कारण नवऱ्याला काही सांगायची त्या घरात पद्धतच नव्हती. त्या घरात नवरा सांगत असे.

खरं तर आता निवृत्त व्हा असं सांगायचं काम कॉलेजच्या अध्यक्षांचं, मेबनसाहेबांचं. गेल्या साली संघ चार सामने हरला तेव्हा ते म्हणाले, "हरलेल्या माणसाला आत्ताच कसं सांगू? वाईट दिसेल." यंदा संघ एकही हरला नाही तेव्हा म्हणाले, "जिंकलेल्या माणसाला कसं सांगू? फारच वाईट दिसेल." अध्यक्षांना वाईट दिसायचं नव्हतं, एवढंच त्यातून निष्पन्न झालं.

मग उरलं चर्चचं व्यासपीठ.

रॅन्सम घराण्याचा एक नियम होता, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. सासरे, म्हणजे थोरले रेव्हरंड, म्हणत की बोललेल्या शब्दाला उलट उत्तर देता येतं, गायलेल्या शब्दाला नाही. उपदेश साध्या बोलीत चाललाय तोवर तो माणसाचा. एकदा पाळकाच्या गळ्याला सूर लागला, चर्चच्या मंडळीने त्याला ठेका दिला, की पुढचा शब्द वरून येतो, आणि वरून आलेल्या शब्दाशी हुज्जत घालायची नसते. कोच कोणाचं ऐकत नसे, पण हे मानत असे. पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यातली पक्की नोकरी सोडून तो जॉर्जियाला परत आला, तो देवापासून पळून गेलेल्या योनावरचा उपदेश ऐकून. मोझेलला मागणी घातली, ती 'तू जाशील तिथे मी येईन' म्हणणाऱ्या रूथवरचा ऐकून. तीही उपदेश चालू असताना, बाकावर, कुजबुजत. त्या उपदेशाचा शेवट काय झाला हे तिला आजतागायत माहीत नव्हतं.

तर शुक्रवारी कोच कॉलेजात हेल्मेटं धुऊन कपाटात लावायला गेला असताना घरची मंडळी तिच्या स्वयंपाकघरात जमली होती. धाकटा दीर रेव्हरंड थॅडियस, थोरली नणंद फ्रोनीअक्का, मुलगी आयोला, आणि तिचा नवरा विल्बर्न, जो सहा वर्षं कोचच्या हाताखाली मदतनीस होता. टेक्सासच्या एका कॉलेजाने विल्बर्नला मुख्य कोच म्हणून बोलावलं होतं, मंगळवारपर्यंत उत्तर हवं होतं. इथली जागा रिकामी झाली तर तो इथेच राहणार होता.

"नुसतं सरळ सांगितलं तर?" विल्बर्नने विचारलं.

सगळ्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने जणू सामन्याच्या पहिल्याच चालीला लांब पास फेकायचं सुचवलं. तेही तो सहा वर्षं सुचवत होता. कोचचं म्हणणं, चेंडू छातीशी धरावा आणि पळावं. "हातातून सुटलेला चेंडू देवाचा. आणि देव वेलबॉर्नवाल्यांचाही आहे."

"सांगणार कोण, तू?" फ्रोनीअक्का म्हणाली. "तू यहोशवा आहेस, बाळा. यहोशवाने त्या अध्यायात तोंड उघडलेलं नाही."

"आणि हे आपण रचलंय असं डॅडींना कळलं तर?" आयोला म्हणाली.

"रचलं कोणी? परमेश्वराने सुचवलं," थॅडियस म्हणाला.

"कधी?"

"आत्ता. केक खाताना."

"भावजी, गंमत नकोय," मोझेल म्हणाली. "मोशे खाली येता कामा नये."

"वहिनी, शास्त्रातच येत नाही तो खाली. मी कोण आणणारा?"

फ्रोनीअक्काचं काम ठरलेलं होतं. सत्तरीची ही बाई बेथेल चर्चच्या पहिल्या बाकावर पांढरे कपडे घालून बसत असे, आणि तिच्या "होय, प्रभू"शिवाय तिथे आजवर एकही उपदेश जमिनीवरून उचलला गेला नव्हता. यहोशवाच्या हाती कारभार गेला की तिने उभं राहून रुमाल हलवायचा. मग सगळं चर्च उभं राहील. "एवढंच ना," अक्का म्हणाली. "चाळीस वर्षं तेच करतेय."

*

रविवारी कोच चौथ्या बाकाच्या टोकाला, नेहमीच्या जागी, नेहमीसारखा ताठ बसला होता. मोझेल त्याच्या शेजारी. मागे मेबनसाहेब, कॉलेजचे जुने विद्यार्थी, आणि परवाच्या सामन्यातली अर्धीअधिक मुलं, कोणाच्या नाकाला पट्टी, कोणाचा हात गळ्यात.

"अनुवादाचं पुस्तक," थॅडियस म्हणाला. "अध्याय चौतिसावा."

आपल्या दंडाला टेकलेला नवऱ्याचा दंड घट्ट झाल्याचं मोझेलला कळलं. शास्त्र त्याला पाठ होतं.

थॅडियसने घाई केली नाही. चांगला गाणारा पाळक कधीच करत नाही. तो आधी शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसा बोलतो, चष्मा पुसतो, एखादं वाक्य अर्धं सोडून देतो. मंडळी त्याला सांगते, "सावकाश, रेव्हरंड," आणि तो सावकाश जातो.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला.

"हं," फ्रोनीअक्का.

"चाळीस वर्षं त्या माणसाने कुरकुरणारी माणसं चालवली."

"सांगा, सांगा!"

"पाणी दे म्हणाली, पाणी दिलं. मांस दे म्हणाली, लावे दिले. आणि पोट भरल्यावर म्हणाली काय? आम्ही मिसरातच बरे होतो!"

मागे जुने विद्यार्थी हसले. कोचच्या ओठाची एक कड हलली. एकोणतीस वर्षं बसमधून डब्यातली कोंबडी वाटत पोरं गावोगाव नेणाऱ्या माणसाला मोशेचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही.

मग कुठेतरी, बोलणं संपलं कुठे आणि गाणं सुरू झालं कुठे हे कळायच्या आत, सूर लागला. थॅडियसचा आवाज आधी थोडा खरवडला, मग उघडला. दर ओळीअखेर तो श्वास आत ओढायचा तेव्हा ऑर्गनवाली बाई त्या फटीत एक स्वर ठेवून द्यायची. टाळ्या पडू लागल्या. जुन्या लाकडी जमिनीला पायांचा ठेका मिळाला. मोझेल कटाची सूत्रधार होती, पण कट करणाऱ्या बाईलाही कान असतातच. हा उपदेश आपणच मागवलाय याची तिला थोडी लाज वाटली.

"मोशे चढला! एकशेवीस वर्षांचा म्हातारा, चढला!"

"चढला!"

"डोळे मंद झाले नव्हते!"

"नव्हते!"

"आणि परमेश्वर म्हणाला, मोशे, बघ! तो बघ दक्षिणेचा देश, ते बघ खजुरांचं नगर! डोळ्यांनी बघ. पण मोशे," आणि थॅडियसचा आवाज एकदम खाली आला, "पलीकडे तू जाणार नाहीस."

कोचने मान खाली घातली. हळूच, टोपी काढावी तशी. झालं, मोझेलच्या मनात आलं. पोचलं. आणि तिला आनंद व्हायला हवा होता.

पण गायलेला उपदेश तिथे सोडता येत नाही. मंडळी सहा दिवस गोऱ्यांची भांडी घासून, कापूस वेचून, लाकडं फोडून आलेली असते. तिला डोंगरावर रडत ठेवून जेवायला पाठवत नाहीत. शेवट आनंदाचाच हवा. तो आनंद यहोशवा होता. थॅडियसने पहिल्या बाकाकडे पाहिलं. रुमालाची वेळ झाली होती.

फ्रोनीअक्का उभी राहिली. रुमाल तिच्या हातात होता. तिने वळून चौथ्या बाकाकडे पाहिलं, त्या खाली गेलेल्या पांढऱ्या केसांच्या मानेकडे. आई गेल्यावर चार वर्षांच्या या भावाला तिने कडेवर वाढवलं होतं.

"नको," ती म्हणाली.

थॅडियसचा श्वास चुकला.

"त्याला तिथे सोडू नकोस, थॅडियस!" व्यासपीठावरच्या पाळकाला नावाने हाक मारायची नसते, ती अक्काने मारली. "आण त्याला!"

"आणा त्याला!" कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं.

"आणि यहोशवा," थॅडियसने गायला सुरुवात केली, "नूनाचा पुत्र यहोशवा..."

"मोशेचं सांगा!"

"यहोशवा तरणाबांड..."

"मोशेचं!" आता सगळंच चर्च. पट्टी बांधलेल्या नाकांची पोरंसुद्धा.

मोझेलने दिराच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेंडू घेऊन उलट्या दिशेने धावत सुटलेल्या आणि अर्ध्यात ते लक्षात आलेल्या पोराचा चेहरा असतो, तो तिने एकोणतीस वर्षांत दोनतीनदा पाहिला होता. तसाच. पण ऑर्गन थांबला नव्हता, टाळ्या थांबल्या नव्हत्या, आणि सूर माणसाला विचारून कुठे नेत नाही.

"कोण म्हणतं," थॅडियस गायला, "कोण म्हणतं मोशे पोचला नाही? पान उलटा! अजून उलटा! मत्तय, सतरावा अध्याय!"

"उलटलं!"

"प्रभू डोंगरावर गेला! तोंडावर तेज फाकलं! बाजूला कोण उभं होतं?"

"मोशे!"

दुसऱ्या बाजूला संदेष्टा एलियाही उभा होता, पण त्याच्याकडे त्या दिवशी कोणी लक्ष दिलं नाही.

"यार्देन नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे!"

"रेषेवर अडवायची कोणाची हिंमत झाली?"

"कोणाची नाही!"

"उशिरा पोचला!"

"पण पोचला!"

"काठी टेकत पोचला!"

"पण पोचला!"

कोच उठला. जो माणूस चर्चमध्ये खोकतसुद्धा नसे, तो उठला आणि दोन्ही हात सरळ वर केले, चेंडू रेषेपलीकडे गेला की पंच करतात तसे. मग छताला काही धरबंद राहिला नाही. मेबनसाहेब रुमालात तोंड घालून रडत होते. विल्बर्न, ज्याचं सगळं या सुरात वाहून चाललं होतं, तोही टाळ्या वाजवत होता. मोझेलचा स्वतःचा पाय ठेका धरत होता. तिने तो थांबवला, तो परत सुरू झाला. सगळ्यात वाईट म्हणजे उपदेश उत्तम झाला होता.

बाहेर पायऱ्यांवर कोचने भावाचा हात दोन्ही हातांत घेतला.

"बरं झालं, थॅडियस. बादलीवर बसलो होतो ना, तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, आता सोडायचं. म्हटलं, रविवारी काय शब्द येतो ते ऐकू आणि मग सांगू सगळ्यांना." त्याचे डोळे ओले होते. "आला शब्द."

थॅडियसने वहिनीकडे पाहिलं. वहिनी आकाशाकडे पाहत होती.

*

जेवायला डुकराची अख्खी भाजलेली मांडी होती, चवळी होती, कॉलर्डची पालेभाजी होती, मक्याचा पाव होता, आणि पहिली दहा मिनिटं फक्त काट्याचमच्यांचे आवाज होते.

"तीन सीझन," कोच म्हणाला. "निदान."

"छान," विल्बर्न म्हणाला. "मग आम्ही टेक्सासला निघतो."

"टेक्सास?" कोच म्हणाला. "टेक्सासात काय आहे?"

"तिथे पास फेकतात."

"विल्बर्न, आत्ता नको," आयोला हळूच म्हणाली. "डॅडींना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. राहू दे ना एखादं वर्ष."

"शुक्रवारी तूच तर..." टेबलाखाली काहीतरी लागलं आणि विल्बर्न गप्प झाला.

"शुक्रवारी काय?" कोचने विचारलं.

"शुक्रवारी केक होता," फ्रोनीअक्का म्हणाली.

कोचने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. सामन्याआधी प्रतिस्पर्धी रांगेकडे तो असाच पाहत असे, आणि कोणाचा गुडघा दुखतोय हे त्याला तेवढ्यावर कळत असे. नजर थॅडियसवर येऊन थांबली.

"वहिनींची कल्पना होती," थॅडियस म्हणाला.

"भावजी!"

"तसं सगळ्यांनीच खाल्ला केक."

"म्हणजे तो शब्द तुमचा होता," कोच सावकाश म्हणाला. "इथे बसून शिजवलेला."

"डोंगर चढेपर्यंतचा आमचा, दादा. कबूल. पण उतरतानाचा नाही! शपथेवर सांगतो, उतरताना माझ्या तोंडात कोण बोलत होतं ते मला माहीत नाही. तो वरून आला."

"तो फ्रोनीआत्याकडून आला," विल्बर्न म्हणाला.

"माझ्याकडून?" अक्काने काटा खाली ठेवला. "पवित्र आत्म्याने मला उभं केलं. तुला ठाऊक नसेल, तुम्ही पोरं लष्करात जाऊन आलात की सगळं विसरता. आणि काय चुकलं माझं? माझ्या भावाला डोंगरावर मरायला सोडू?"

"शुक्रवारी सोडत होतीस," मोझेल म्हणाली.

"शुक्रवारी ऑर्गन कुठे होता?"

कोचने पाव मोडला.

"वरून आला तो आला," तो म्हणाला. "गायलेल्या शब्दाला उलट उत्तर नाही. बाबांचा नियम आहे. विषय संपला."

"मी देते उत्तर," मोझेल म्हणाली.

पाव कोचच्या हातात तसाच राहिला. तिलाही आपला आवाज जरा परका वाटला. पण तो निघाला होता.

"भावजी, एक सांगा. मोशे पलीकडे पोचला, प्रभूच्या शेजारी उभा राहिला, तेव्हा तो जिवंत होता?"

"वहिनी, म्हणजे... गौरवाच्या देहात..."

"जिवंत होता?"

"नव्हता."

"मेला होता. मेल्यावर पोचला. हे आज कोणी गायलं नाही." तिने हातातला रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला. "तो अध्याय मी काल तीनदा वाचला. मोशेचं वय लिहिलंय. डोळे शाबूत होते ते लिहिलंय. इस्राएल तीस दिवस रडलं तेही लिहिलंय. त्याची बायको कुठे आहे, भावजी? सिप्पोरा कुठे होती त्या दिवशी?"

थॅडियसने तोंड उघडलं. तीस वर्षं व्यासपीठावर काढलेला माणूस, हिब्रूतली चार अक्षरं वाचता येणारा.

"नाहीये," तो म्हणाला. "लिहिलेलं नाही."

"हो ना. मला तशी लिहिलेली नको व्हायचंय."

आयोला रडू लागली, आणि या वेळी कोणाच्या बाजूने हे तिलाही माहीत नसावं.

"पिंकनीने सांगितलं तुला?" कोचने विचारलं.

"सप्टेंबरात."

"मला ऑगस्टात."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तू मला सांगितलंस?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. एका छपराखाली, एका माणसाच्या हृदयाची गोष्ट दोन माणसांनी तीन महिने एकमेकांपासून जपून ठेवली होती. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर असा जोडीने केलेला मूर्खपणाही जमतो.

"मोझेल," कोच म्हणाला. आवाज मैदानावरचा नव्हता. "साडेतीनला मी काय करू?"

साडेतीन म्हणजे सरावाची वेळ. एकोणतीस वर्षं रोज साडेतीनला शिट्टी वाजायची आणि अंधार पडेपर्यंत तो माणूस त्याला माहीत असलेल्या एकुलत्या एका जगात असायचा.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "एकोणतीस वर्षं साडेतीनला मी या घरात एकटीच असते. मलाही अजून कळलेलं नाही."

आणि तेवढ्यात टेलिफोन वाजला.

आयोलाने डोळे पुसून घेतला. "मेबनसाहेब आहेत, डॅडी."

कोच उठून दारातल्या टेलिफोनपाशी गेला. मेबनसाहेबांना टेलिफोनवर विश्वास नसे, म्हणून ते त्यात ओरडून बोलत. टेबलापर्यंत प्रत्येक शब्द आला. ते रडले होते. असा उपदेश त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. जुने विद्यार्थी चर्चच्या अंगणातूनच त्यांच्यामागे लागले होते. नियामक मंडळ वरच्या शब्दापुढे कोण लागून गेलं? तीन वर्षांचा नवा करार उद्या सकाळीच सहीला येईल. कोचने फक्त हो म्हणावं.

थॅडियसने डोळे मिटले, बहुधा प्रार्थनेसाठी. फ्रोनीअक्काने मिटले नाहीत.

कोच टेलिफोन कानाला लावून उभा होता. तो जिंकला होता, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. आणि त्याने जिंकलेलं काही कधी परत दिलं नव्हतं. मोझेलला वाटलं, आपल्याला जे बोलायचं होतं ते बोलून झालं. आता काळ्या कपड्याचं कापड बघायला हरकत नाही.

"थांबा, साहेब," कोच टेलिफोनमध्ये म्हणाला. "मिसेस रॅन्समना विचारतो."

पस्तीस वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. कोचलाही ते नवीन असावं, कारण विचारतो म्हणून तो नुसताच टेलिफोन हातात धरून तिच्याकडे बघत राहिला.

मोझेल उठली, त्याच्या हातातून टेलिफोन घेतला.

"मी मोझेल बोलतेय, मेबनसाहेब. हो, छान झाला उपदेश. कोच करारावर सही करणार नाहीत. पुढल्या सीझनला रेषेवर माझा जावई उभा राहील. नाही, उपदेशात हे नव्हतं. हे मी सांगतेय. हो, जेवून घ्या तुम्हीपण." आणि तिने टेलिफोन ठेवला. एकोणतीस वर्षं कोणाला जमलं नव्हतं ते अर्ध्या मिनिटात झालं, आणि कोणी गायलंसुद्धा नव्हतं.

दोघं परत टेबलाशी येऊन बसली. कोचने घसा साफ केला.

"विल्बर्न. पहिल्या सामन्यात किती पास फेकणार?"

विल्बर्नने बायकोकडे पाहिलं, मग खरं बोलायचं ठरवलं. "वीस."

कोचने छातीवर हात ठेवला. खुर्च्या मागे सरकल्या, सगळे एकदम उभे राहिले.

"काही नाही, बसा," तो म्हणाला. "वीस?"

बसले. चवळी फिरली. आयोला नाक पुसत हसली. मोझेलने एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकवली आणि चवळीचा पहिला घास तोंडात घातला. तो गिळायच्या आत कोच पुढे झुकला.

"अक्का, मांस असं कापतात? मनगट बघ तुझं. सुरी द्या इकडे. आयोला, भाजीचं भांडं डाव्या हाताला ठेव, पाव उजव्या. थॅडियस, पाय आत घे, वाटेत येतोयस. मोझेल, या स्वयंपाकघराची मांडणी कोणी केलीय? चुलीपासून टेबलापर्यंत नऊ पावलं. नऊ! पाचात व्हायला हवं. पुन्हा चालून दाखव बरं."

मोझेलने घास गिळला आणि त्याच्याकडे पाहिलं. अजून तर रविवारच होता.